भिवई उचलावी कीं पापणी छाटावी?

आमच्या आत्याबाईंचें माहेर वाईस आणि सासर मिरजेस. लग्नानंतर कृष्णेबरोबरच त्या खालीं उतरल्या आणि आतां पंचाहत्तरी उलटली तरी रोजची पोथी त्यांनीं सोडलेली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांची वाचण्याची तऱ्हा पाहून मला नवल वाटलें. उजव्या हातांत पोथी, आणि डाव्या हाताच्या तर्जनीनें त्या आपली भिवई वर धरून बसलेल्या! बोट काढलें कीं पापणीची सैल कातडी पडद्यासारखी खालीं येई आणि पुढचें अर्धें जग झांकून जाई. मोतीबिंदु दोन्ही डोळ्यांचे आधींच काढलेले, दृष्टि स्वच्छ, पण दाराला झांप पडलेली. कपाळावर आठ्यांच्या चार रेघा कायमच्या उमटल्या होत्या. शेजारच्या बायका त्यांना रागीट समजत. वास्तविक त्या बिचाऱ्या कपाळाच्या बळावर डोळे उघडे ठेवीत होत्या!

साताऱ्याच्या एका शस्त्रवैद्यानें त्यांस सांगितलें कीं, वरच्या पापणीची जादा कातडी छाटली म्हणजे काम झालें. सांगलीच्या दुसऱ्यानें सांगितलें कीं, पापणीचा कांहींच दोष नाहीं. भिवई आपल्या जागेवरून खालीं आली आहे, ती उचलली पाहिजे. दोघेही शिकलेले, दोघेही सज्जन. आत्याबाईंनीं मला विचारलें, "अरे, तूं एवढीं पुस्तकें चाळतोस; यांतला खरा कोण?"

मी वैद्य नव्हें. इतिहासाचा मात्र मला छंद आहे. तेव्हां श्रोतेहो, हा प्रश्न घेऊन मी जुन्या ग्रंथांकडे वळलों. आणि मला असें आढळलें कीं भिवई, पापणी आणि कपाळ यांचें हें भांडण फार जुनें असून त्यांतील कांहीं महत्त्वाचे प्रसंग आपल्याच मुलखांत घडलेले आहेत.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनीं होतो. डोळ्याचे एकंदर ७६ रोग तेथें मोजलेले असून त्यांपैकीं २१ एकट्या पापणीच्या वांट्यास आले आहेत. त्यांच्या चिकित्सेंत पक्ष्मकोप म्हणून एक प्रकरण आहे. या रोगांत पापणीचे केस आंत वळतात आणि उघडमीट करतांना बुबुळावर घासतात. जुनाट खुपऱ्यांनीं पापणी आंखडली म्हणजे ही अवस्था येते, असें आजचे वैद्यही सांगतात. यावर सुश्रुतानें सांगितलेलें शस्त्रकर्म असें : भिवई आणि पापणीचे केस यांच्या मधल्या कातडींतून, डोळ्याच्या एका कोनापासून दुसऱ्या कोनापर्यंत, जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा काढावा. मात्र भिवईच्या खालीं दोन भाग आणि केसांच्या लगत एक भाग कातडी राखावी. जखम केसानें शिवावी, वर मध व तूप लावावें, कपाळाला पट्टा बांधावा आणि टांक्यांचीं टोकें त्या पट्ट्यास नेऊन बांधावीं. एवढ्यानें रोग न हटला तर अग्नि आहे, क्षार आहे, औषध आहे. शस्त्र धरून हे चार मार्ग त्यानें वेगवेगळे सांगितले आहेत. म्हणजे एकाच पापणीकरितां निवड करण्याचा प्रश्न त्या काळींही होताच.

आपल्याकडे अशा ठिकाणीं एक मोह पडतो. पाश्चात्यांनीं कांहीं केलें कीं, "हें आमच्याकडे पूर्वींच होतें" असें म्हणून आपण मोकळे होतों. तसें येथें म्हणतां येणार नाहीं. म्हातारपणीं ओघळलेली भिवई उचलण्याची कृति सुश्रुतानें सांगितलेली नाहीं. वातहतवर्त्म नांवाचा एक रोग त्यानें वर्णिला आहे. त्यांत पापणीची हालचालच नष्ट होते. कोणी अभ्यासक त्यास लोंबती पापणी म्हणतात, कोणी न मिटणारी पापणी म्हणतात. पाठभेदामुळें दोन्ही अर्थ संभवतात. परंतु सुश्रुतानें तो असाध्यांत घातला आहे, आणि असाध्याला असाध्य म्हणण्याचा त्याचा हा प्रामाणिकपणा मला त्याच्या शस्त्राइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र ती एक गोष्ट, दोन भाग वर आणि एक भाग खालीं राखण्याची, डोळ्यांआड करण्यासारखी नाहीं. किती कापावें हें सांगणारे पुष्कळ असतात. किती ठेवावें हें येथें आधीं सांगितलें आहे. आजचा शस्त्रवैद्य पापणीवर खूण करतांना पट्टी लावून पाहतो कीं, भिवईपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी मागें उरते कीं नाहीं. त्याहून कमी उरली तर डोळा नीट मिटत नाहीं. आणि जो डोळा झोंपेंतही उघडा राहतो त्याचें बुबुळ कोरडें पडून पांढरें होतें. लोंबत्या पापणीनें दृष्टि झांकली जाते. आंखूड पापणीनें ती समूळ जाऊं शकते.

सुश्रुताचे हे पाठ पुढें पाठशाळांतून घोकले गेले, पण शस्त्र हळूहळू वैद्याच्या हातून सुटलें. शास्त्र एका घरीं आणि हात दुसऱ्या घरीं अशी आपल्याकडे वांटणी झाली. यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली सुश्रुतसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निघाली; आणि त्याच सुमारास साताऱ्यास आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय उभें राहिलें. त्या संस्थेच्या नांवांतच आर्य आणि आंग्ल या दोहोंची गांठ मारलेली आहे. परंतु तत्पूर्वीं शंभरांवर वर्षें, एका निरक्षर म्हणाव्या अशा कारागिरानें ती गांठ पुण्यास मारून ठेविली होती.

ती हकीकत अशी. टिपूशीं १७९२ सालीं संपलेल्या युद्धांत कावसजी नांवाचा एक बैलहांक्या इंग्रजी फौजेबरोबर होता. नांव पारशाचें वाटलें तरी छापील वृत्तांतांत त्यास मराठा शेतकरी म्हटलें आहे. टिपूच्या लोकांनीं त्यास पकडून त्याचें नाक आणि एक हात कापला. सुमारें एक वर्ष तो नाकावांचून राहिला. पुढें पुण्याजवळ एका माणसानें त्यास नवें नाक करून दिलें. हा माणूस कुंभार किंवा विटा करणाऱ्या जातीचा होता, असें इंग्रजांनीं लिहून ठेवलें आहे. मुंबई इलाख्यांतले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ही क्रिया पाहावयास हजर होते.

त्यानें काय केलें? प्रथम मेणाचें नाक करून तें मापास लावून पाहिलें. मग तें मेण चपटें करून कपाळावर ठेविलें, त्याभोंवतीं रेघ ओढली आणि तेवढी कपाळाची कातडी सोडवून घेतली. दोन भिवयांच्या मधोमध मात्र एक अरुंद पट्टी न तोडतां तशीच राखली, कारण त्या वाटेनें रक्त येत राहावयाचें होतें. ती कातडी पिळा देऊन खालीं वळविली आणि जुन्या नाकाच्या कडांत बसविली. वर पाण्यांत कालविलेल्या काताचा लेप देऊन कापडाच्या चिंध्या एकावर एक ठेविल्या. विड्याबरोबर खातों तोच कात! चार दिवसांनंतर तुपांत भिजविलेलें कापड. आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती मधली पट्टी तोडून नाक बेतशीर केलें. कावसजीचें चित्र पुण्यांतच जेम्स वेल्स या चितार्‍यानें काढलें, आणि हा सर्व वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापला गेला. चितार्‍याचें नांव राहिलें, रोग्याचें राहिलें, साक्षीदारांचीं राहिलीं. ज्यानें नाक केलें त्याचें नांव तेवढें त्या वृत्तांतांत नाहीं.

तो वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच क्रिया केली आणि १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. दोनच वर्षांनीं, १८१८ सालीं, जर्मनींत कार्ल फॉन ग्रेफे यानें नाकाच्या पुनर्रचनेवर पुस्तक काढलें. आणि पापणीच्या पुनर्रचनेला 'ब्लेफॅरोप्लास्टी' हें नांव देणाराही हाच. आज पापणीची सैल कातडी काढण्याच्या क्रियेला जगभर हेंच नांव चालतें. कपाळाची कातडी ही शरीराची राखीव ठेव आहे, तिला रक्ताचा पुरवठा भरपूर आहे, आणि ती हलविली तर चेहऱ्याची मांडणी बदलते, हें युरोपास पुण्याच्या त्या कारागिरानें दाखवून दिलें. भिवई उचलण्याचें आजचें शस्त्रकर्म कपाळाच्या याच मुलखांत चालतें.

पुढची शंभर वर्षें युरोपांतलीं आहेत, तीं मी भरभर सांगतों. पापणी खालीं येण्याचीं कारणें एकाहून अधिक आहेत, हें ओळखण्यांतच त्यांचा मोठा भाग गेला. कातडी सैल होणें निराळें, आणि पापणी उचलणारा जो आंतला स्नायु, तोच दुबळा होणें निराळें. हा स्नायु आंखूड करण्याची क्रिया बोमन यानें १८५७ सालीं पापणीच्या आंतल्या बाजूनें केली, तर एव्हरबुश यानें १८८३ सालीं बाहेरच्या कातडींतून केली. १८८४ सालीं व्हिएन्नांत कार्ल कोलर यानें कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, तेव्हांपासून खरा पालट झाला. रोगी जागा राहूं लागला. टेबलावर पडल्या पडल्या त्यास "डोळा उघडा, आतां मिटा" असें सांगतां येऊं लागलें, आणि शस्त्र किती चालवावें हें रोग्याची पापणीच सांगूं लागली.

ज्याचा स्नायु मुळींच चालत नाहीं त्याची पापणी कपाळाच्या स्नायूस टांगण्याची युक्तिही याच सुमारास निघाली. पुढें त्यासाठीं रोग्याच्याच मांडीतील बळकट पडद्याची पट्टी काढून दोरीसारखी वापरूं लागले. मिरजेच्या माणसास ही क्रिया समजावून सांगण्यास कष्ट पडत नाहींत. तेथील तंतुवाद्यें करणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. तलवारींना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकांत सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. तार ढिली राहिली तर सूर उतरतो आणि फार ताणली तर तुटते. पापणीची दोरी फार ताणली तर ती तुटत नाहीं, पण डोळा मिटावयाचा राहतो.

भिवईची पाळी सर्वांत शेवटीं आली. पॅरिसच्या रेमंड पासो यानें १९१९ सालीं कपाळाची कातडी कापून भिवई वर घेण्याची कृति प्रसिद्ध केली. पुढें केसांच्या आंतून लांब छेद घेण्याची रीत आली. १९६४ सालीं कास्टान्यारेस यानें भिवईच्या अगदीं वरच्या कडेला छेद घेण्याची रीत मांडली. आणि १९९० नंतर दुर्बिणीच्या साहाय्यानें केसांतील चार-पांच लहान छेदांतून तेंच काम होऊं लागलें. पहिल्या महायुद्धांतील भाजलेल्या आणि फुटलेल्या चेहऱ्यांनीं या विद्येला शहाणपण दिलें, आणि शांततेच्या काळांतील श्रीमंत स्त्रियांनीं पैसा दिला. या दुसऱ्या गोष्टीमुळें तिला 'नटण्याची शस्त्रक्रिया' असें हलकें नांव पडलें. आमच्या आत्याबाईंना खरी भीति तीच होती. "या वयांत भिवया उचलून घेतल्या तर लोक काय म्हणतील?"

या भीतीचें उत्तर मला मिरजेंतच सांपडलें. विल्यम वॉनलेस या कॅनडांतून आलेल्या शस्त्रवैद्यानें १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय काढलें, १८९७ सालीं वैद्यकाची शाळा काढली, आणि महारोग्यांकरितां निराळी संस्थाही तेथें उभी राहिली. महारोगांत भिवईचे केस बाहेरच्या टोंकापासून झडूं लागतात आणि पुढें भिवईच नाहींशी होते. चेहऱ्याचा ज्ञानतंतु मेला म्हणजे पापणी मिटत नाहीं. १९४० नंतर गुणकारी औषधें आलीं, रोग बरा होऊं लागला. परंतु भिवया नसलेला, डोळे न मिटणारा चेहरा घेऊन बरा झालेला माणूस गांवीं परतला, तरी गांव त्यास घेईना! वैद्य म्हणे, हा रोगमुक्त आहे. गांव म्हणे, तोंडावर तर दिसतोच आहे. डॉक्टर नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनीं पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयांत अशा चेहऱ्यांवर काम केलें, आणि पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत या विद्येचा मोठा विभाग उभा केला. नागपुरास डॉक्टर बालकृष्णन् यांचा स्वतंत्र विभाग १९५८ पासूनच चालूं होता.

या रोग्यांसाठीं कानावरच्या भागांतली केसाळ कातडी, तिच्या रक्तवाहिनीसकट, कातडीखालून सरकवून भिवईच्या जागीं बसवितात. ती उगवते डोक्याच्या केसांसारखी, म्हणून त्या भिवया वरचेवर कातराव्या लागतात. आणि रोगी तें काम मोठ्या आनंदानें करतात. न मिटणाऱ्या पापणीकरितां कानशिलावरील चावण्याच्या स्नायूची एक पट्टी वळवून पापण्यांतून ओढून घेतात. मग दांत आवळले कीं डोळा मिटतो. रोग्याला नवी सवय शिकावी लागते. दर थोड्या वेळानें दांत आवळावयाचे. यास नटणें कोण म्हणेल? आणि भिवईकरितां हें चालतें तर म्हातारीच्या पोथीकरितां कां चालूं नये, असें मी आत्याबाईंना विचारलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं स्वतः होऊन म्हणाल्या, "चल, पुन्हा दाखवूं."

तिसऱ्या एका वैद्याकडे आम्ही गेलों. त्यानें प्रथम जें विचारलें तें मला फार आवडलें. सकाळीं पापणी उघडी आणि संध्याकाळीं जड, असें होतें काय? एकाचीं दोन दिसतात काय? पापणी एकाएकीं पडली काय? कारण स्नायूंना थकविणारा एक रोग आहे, त्यांत शस्त्र लावावयाचें नसतें, औषध द्यावयाचें असतें. आणि एकाएकीं पडलेली पापणी, विशेषतः डोकें दुखत असतां, ही मेंदूंतील दुखण्याची खूण असूं शकते. तिथें भिवई-पापणीचा वाद घालीत बसणें म्हणजे घर जळत असतां दाराची चौकट रंगविणें होय. आत्याबाईंचें तसें कांहीं नव्हतें. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची चौकशी झाली. मग त्यानें त्यांस आरशासमोर बसविलें, डोळे मिटावयास लावले आणि कपाळ सैल सोडावयास सांगितलें. आठ्या मावळल्या. डोळे हळूच उघडतांच दिसलें कीं भिवया हाडाच्या कडेच्याही खालीं उतरल्या आहेत. इतके दिवस कपाळ त्यांना उचलून धरीत असल्यामुळें हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्यानें दोन बोटांनीं भिवया हाडाच्या कडेवर नेऊन धरल्या. पापणीची "जादा" कातडी बहुतेक नाहींशी झाली!

जी कातडी पापणीची वाटत होती ती भिवईची होती. ती पापणीवरून छाटली असती तर भिवई केसांकडे आणखी ओढली गेली असती. आणि डोळा मोकळा झाल्यावर कपाळानें आपलें रोजचें ओझें खालीं ठेवलें असतें, म्हणजे भिवई अधिकच उतरली असती. उलट ज्याची भिवई जागच्या जागीं आहे त्याच्या पापणीची कातडी छाटणें हेंच योग्य. त्याची भिवई उगाच उचलली तर तो जन्मभर आश्चर्यचकित दिसेल. तेव्हां साताऱ्याचे आणि सांगलीचे दोघेही वैद्य आपापल्या रोग्यांच्या अनुभवानें खरेंच बोलले होते.

पुढें कोणत्या वाटेनें उचलावें हा प्रश्न राहिला. केसांतून दुर्बिणीनें केल्यास खूण दिसत नाहीं, पण क्रिया मोठी. भिवईच्या वरच्या कडेला छेद घेतल्यास काम थोडक्यांत आणि नेमकें होतें, मात्र बारीक रेघ उरते. कपाळ कांहीं महिने बधिर राहूं शकतें आणि भिवई उचलणाऱ्या ज्ञानतंतूस जपावें लागतें. सुईनें औषध टोंचून भिवई किंचित् वर घेण्याची तऱ्हाही त्यानें सांगितली, पण तिचा गुण तीन-चार महिनेच टिकतो. तरुण मुलीस रेघेचें दुःख वाटलें असतें. आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्या आठ्यांत आणखी एक रेघ कोण मोजतो?"

जागा बधिर करून दोन्ही भिवयांवर छेद घेतले गेले. मधून मधून त्यांना डोळे उघडावयास आणि मिटावयास सांगितलें जात होतें. पापणीला शस्त्र लावलेंच नाहीं. सातव्या दिवशीं टांके निघाले, आणि तिसऱ्या आठवड्यांत सूज उतरली. परवां मी मिरजेस गेलों होतों. आत्याबाई ओट्यावर पोथी घेऊन बसल्या होत्या. कपाळ स्वच्छ, डोळे उघडे. पान उलटतांना मात्र डाव्या हाताची तर्जनी अजून संवयीनें भिवईपर्यंत जाते, आणि तेथें कांहीं काम नाहीं हें पाहून परत येते.